‘येते हं’ आणि ‘जाऊ का’

"वहीत गोड शब्द लिहू नकोस, दाय. बाई ‘मारलं’ म्हणाली तर ‘मारलं’च लिही." टेबलाची किल्ली हातात ठेवताना नांग पासिंगने एवढंच सांगितलं होतं, आणि लोव्हेला हसली होती.

हसायला कारण होतं. नांग पासिंगने नऊ वर्षं लुनासानच्या गावकचेरीत महिलांचं टेबल सांभाळलं, पण तिची शाळा सहावीतच सुटलेली. तिच्या नोंदी मोठमोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत, आणि मजकूर असा की वाचणाऱ्याने मान फिरवावी: ‘भातवाढीने मारलं. डोक्यात. तीन टाके.’ लोव्हेलाकडे समाजकार्याची पदवी होती. तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यात कायद्याचं एकेक कलम पडद्यावर दाखवत होते, तेव्हा ते वहीत उतरवून घेणारी ती एकटीच. बाकीच्या गावांच्या बाया पंख्याखालची जागा धरून बसल्या होत्या. शब्दांचं मला ही शिकवणार, असं तिच्या मनात आलं. तोंडाने मात्र ती, थोरल्या बाईला म्हणावं तसं, "हो नांग" म्हणाली आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

महिलांचं टेबल म्हणजे कचेरीच्या मागची एक खोली. तिथे टेबल होतं, कुलपाचं कपाट होतं, आणि उरलेल्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, बायकांच्या शनिवारच्या झुंबा नाचाचे दोन मोठे स्पीकर, आणि जांभळ्या टी-शर्टांचे गठ्ठे. टी-शर्टांवर छापलं होतं, ‘बाईवर हात? आमच्या गावात नाही’. लोव्हेलाने खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत झोळी बांधली आणि अकरा महिन्यांच्या केझियाला तिच्यात निजवलं. दर थोड्या वेळाने उठून ती पोरीच्या नाकाखाली बोट धरून बघायची. सासू म्हणायची, पोरगी श्वास घेते की नाही हे मोजायलाच तुला नोकरीवर ठेवलंय वाटतं. नवरा सेबू शहरात बांधकामावर. तो महिन्यातून एकदा यायचा आणि म्हणायचा, तू झोपत का नाहीस.

ती झोपत नसे कारण तिला सगळं ऐकू येई. शेजारच्या डुकरिणीचं कण्हणं, कोणाच्या घरात ताट कसं आपटलं, आणि पहाट सरताना रोसमिलची हाक. रोसमिल तांदळाचे वाफवलेले पुतो टोपलीत घालून विकायची. "पुतोऽऽ" म्हणताना तिचा ‘तो’ लांबत जाऊन शेवटी वर उचलला जायचा, जणू ती कोणाला काहीतरी विचारतेय. लोव्हेला रोज दोन घ्यायची. रोसमिल तिला दाय म्हणायची, धाकट्या बहिणीला म्हणावं तसं, आणि झोळीत डोकावून केझियाच्या पायाला चिमटा काढायची.

मार्चमधल्या एका मंगळवारी रोसमिल कचेरीच्या दारातून आत आली, आणि आल्या आल्या "मॅम" म्हणाली. दाय म्हणाली नाही.

"ब्लॉटर करून ठेवायचंय, मॅम. बाकी काही नको. नुसतं नाव जाऊ दे."

ब्लॉटर म्हणजे कचेरीची तक्रारवही. गावात सगळ्यांची समजूत अशी की वहीत नाव गेलं की माणूस आपोआप घाबरतो. डोकं दुखलं की गोळी घ्यावी तसे लोक ब्लॉटर करून जात आणि निर्धास्त होत. रोसमिलने ब्लाउजची बाही वर केली. दंडावर चार बोटांचे वळ होते, आणि कोपराजवळ जुने, हिरवे पडलेले. तिचा नवरा रेनांते गावचा राखणदार. कचेरीच्या ओट्यावर बसून तो सगळ्यांच्या मोटारसायकली दुरुस्त करून द्यायचा; लोव्हेलाची मोडलेली छत्रीही त्यानेच तारेने बांधून दिली होती. त्याच्यासारखा हसतमुख माणूस गावात दुसरा नव्हता, असं खुद्द लोव्हेलानेच सासूला सांगितलं होतं.

तिने पेन उघडलं. ‘मार’ हा शब्द लिहिणार, एवढ्यात कापितना आत आल्या.

कापितना फिलोमेना म्हणजे गावच्या मुख्य. आठ पुरुषांनंतर त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. महिलांसाठी राखलेला निधी आधी पुरुषांच्या बास्केटबॉलच्या मैदानाला जायचा. तो त्यांनी भांडून परत आणला. बाळंतपणाची खोली त्यांनी बांधून घेतली, केझिया तिथेच जन्मली. हे टेबलही त्यांनीच व्हरांड्यातून आतल्या खोलीत आणलं, दार लावून बोलता यावं म्हणून. लोव्हेलाला त्या देवासारख्या वाटत, आणि त्यांची भीतीही वाटे.

त्यांनी रोसमिलचा दंड पाहिला. तिला स्वतःच्या हाताने पाणी दिलं. मग लोव्हेलाला बाहेर फळ्याजवळ नेलं. कचेरीच्या दाराशी एक फळा होता आणि त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: ‘महिलांवरील हिंसा, या वर्षी: ०’. गुरुवारी प्रांताची माणसं तपासणीला येणार होती. शून्य टिकलं तर लुनासानला हिंसामुक्त गावाचा मान मिळणार होता.

"एक आकडा पडला की हे गावसभेचे सभासद काय म्हणतील, ठाऊक आहे?" कापितना हलक्या आवाजात म्हणाल्या. "बाई खुर्चीवर बसली आणि बाया मार खायला लागल्या. पुढच्या वेळी मी पडेन, आणि तुझं टेबल जाईल परत व्हरांड्यात, स्पीकरखाली. तू आज ‘नवराबायकोचं भांडण’ लिही. मी त्याला समोर बसवून दम देते. तपासणी होऊ दे, मग हवं तर नीट लिहू."

अशा प्रकरणात नवराबायकोला समोरासमोर बसवायचं नाही, समझोता करायचा नाही, हे कायद्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. लोव्हेलाच्या वहीत ते दोनदा अधोरेखित केलेलं होतं. पण टेबल गेलं तर पुढची बाई कुठे बोलणार, हाही विचार खरा होता. आणि आपली नोकरी गेली तर दुधाचं काय, हा विचार त्याहून आधी आला होता. तिने लिहिलं. ‘नवराबायकोचं भांडण. किरकोळ.’ ‘किरकोळ’ तर तिला कोणी लिहायलाही सांगितलं नव्हतं.

दुपारी रेनांतेला बोलावलं. तो जांभळा टी-शर्ट घालून आला. राखणदारांना ते आधीच वाटले होते. कापितनांनी त्याला खरंच फाडून खाल्लं. तो मान खाली घालून ऐकत राहिला, मग रडला. त्याचं रडणं पाहून रोसमिलही रडली. समझोत्याचा कागद लोव्हेलाने लिहायचा होता. पती संताप आवरेल. पत्नी चारचौघांत त्याचा अपमान करणार नाही. पती घरखर्च वेळेवर देईल. इथवर झालं, आणि रेनांते डोळे पुसत म्हणाला की त्याचं एकच मागणं आहे, ही टोपली घेऊन कुठे कुठे फिरते ते कळत नाही, जीव टांगणीला लागतो, तेवढं निघताना सांगून जावं.

लोव्हेलाला वाटलं, यात काय वावगं. पण ‘सांगून’ हा शब्द कागदावर कोरडा दिसला असता. तिला एक गोड शब्द सुचला, पनांघिद. लेकरं शाळेला निघताना आजीचा हात कपाळाला लावून करतात तो पनांघिद. ‘येते हं’ म्हणणंही त्यात येतं आणि ‘जाऊ का’ विचारणंही. घरात कोणी तो करून उंबऱ्यावर थांबत नाही, शब्द तोंडात असतानाच पाऊल बाहेर पडलेलं असतं. तिने सुबक अक्षरांत लिहिलं, ‘४. घराबाहेर पडताना पत्नी पतीचा पनांघिद घेईल.’ कापितनांनी वाचून मान डोलावली. छान मांडतेस गं, म्हणाल्या. रोसमिलने सही केली. तिला तो शब्द ‘येते हं’सारखा ऐकू आला. रेनांतेने सही केली आणि कागदाची एक प्रत मागून घेतली.

गुरुवारी तपासणी झाली. शून्य टिकलं.

शुक्रवारी हाक उशिरा आली. शनिवारी आलीच नाही, रविवार म्हणून सोडून दिला, सोमवारीही गल्लीत शांतता. लोव्हेला केझियाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. तांदूळ महागलाय, असेल काही, असं तिने स्वतःला सांगितलं. आठवडा गेल्यावर मात्र तिला राहवेना. छत्रीचं निमित्त काढून ती रेनांतेच्या घरी गेली. तो अंगणात जाळं विणत होता. रोसमिल आत दिसली, चुलीपाशी, पाठमोरी. तिची पाच वर्षांची मिकाय दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती, आणि तिच्या पायांची बोटं उंबऱ्याच्या बरोबर आत होती. हे लोव्हेलाने पाहिलं. पाहिलं आणि पुढे काही केलं नाही.

पुतो का नाहीत हल्ली, असं तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी अडवलंय का?" रेनांते हसला. "पनांघिद घेतला की मी हो म्हणणारच. पण ती घेतच नाही. घरातच बरं वाटतं तिला. हो की नाही गं?"

आतून "हो" आलं. त्याने केझियासाठी दोन ताजे मासे पानात बांधून दिले, आणि लोव्हेलाने ते घेतले. घरी येऊन तिने ते सासूच्या हातात ठेवले. स्वतः खाल्ले नाहीत. एवढंच काय ते तिने केलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कापितना प्रांताच्या राजधानीला गेल्या, मानाची पाटी घ्यायला. दोन दिवसांचा मुक्काम होता. त्या गेल्या त्याच सकाळी दहाच्या सुमाराला मागच्या खिडकीवर टकटक झाली. रोसमिल अनवाणी होती. मिकाय तिच्या पाठीवर. डाव्या हाताची करंगळी भलत्याच बाजूला वळलेली, आणि ती हात असा धरून होती, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

"मी जाऊ का म्हणून विचारलं नाही," ती म्हणाली. "मिकायला ताप होता, औषधाला गेले. परत आले तर तो कागद घेऊन बसला होता. म्हणाला, वाच. मोठ्याने वाच."

लोव्हेलाने तिला आत घेतलं, करंगळीला पेन्सिल लावून कापड बांधलं. मग कपाट उघडून संरक्षणाच्या आदेशाचा कोरा नमुना काढला. नऊ वर्षांत नांग पासिंगने असे सव्वीस भरले होते. लोव्हेलाने एकही नाही. हा आदेश मागितल्या दिवशीच द्यायचा असतो, नवऱ्याला न बोलावता. तो पंधरा दिवस चालतो. तेवढ्या दिवसांत तालुक्याच्या कोर्टातून मोठा आदेश आणायचा, नाहीतर तो विझतो. कापितनांची सही लागते, आणि त्या उपलब्ध नसतील तर कोणाही उपलब्ध सभासदाची चालते. हे सगळं तिला पाठ होतं. तिने भरभर लिहिलं, आणि या वेळी ‘मारलं’ लिहिलं, ‘बोट मोडलं’ लिहिलं. तिचं अक्षर नांग पासिंगच्या अक्षरासारखंच वाकडं येत होतं.

मी सही आणते, तोवर आतच राहा, असं सांगून तिने रोसमिलला विचारूनच बाहेरून कुलूप लावलं. केझियाला झोळीसकट कडेला बांधलं आणि निघाली.

सभासद नोंग पोर्फिरिओ अंगणात कोंबड्याच्या मांड्या चोळत बसले होते. रविवारी झुंज होती. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. काप येऊ देत, म्हणाले; कापितनांना सगळे काप म्हणत. लोव्हेला वडीलधाऱ्याला म्हणावं तसं म्हणाली, नोंग, कायद्यात उपलब्ध असलेला कोणीही सभासद चालतो.

"मग मी उपलब्ध नाही," ते म्हणाले. "दिसत नाही का, हात भरलेत माझे."

कोंबडा तिच्याकडे एका डोळ्याने बघत होता. तिथे हुज्जत घालण्यात दहा मिनिटं गेली. दुसऱ्या सभासद नांग देल्फिना महिला समितीच्या अध्यक्ष. त्या तरी करतील म्हणून ती वरच्या वाडीपर्यंत चढून गेली. देल्फिनांनी केझियाला मांडीवर घेतलं, पोरीला ऊन लागलंय म्हणून लोव्हेलालाच झापलं, नमुना शेवटपर्यंत वाचला. मग मोबाइल काढून त्यातला एक फोटो तिच्यापुढे धरला. मार्चचा समझोता होता तो. रेनांतेने तासाभरापूर्वी सगळ्या सभासदांना पाठवला होता.

"हे अक्षर कोणाचं, दाय?"

"माझं."

"वहीत लिहिलंयस किरकोळ, इथे लिहिलंयस मिटलं. कलम चार बायकोने मोडलं असं तो म्हणतो, आणि ते मोडलेलं दिसतंय. आता तूच म्हणतेस मारतो. उद्या कोर्टाने विचारलं की दोन्हीतलं खरं कोणतं, तर मी काय सांगू? मला तुझ्या दोन कागदांच्या मध्ये उभी करू नकोस."

लोव्हेलाने नमुना परत घेतला. तिने केझियाला उचललं. उतरताना तिच्या लक्षात आलं की रेनांतेला फोटो पाठवायला तासाभरापूर्वीच सुचलंय, म्हणजे रोसमिल कुठे असेल हेही त्याला तेव्हाच सुचलंय. ती जवळजवळ धावायला लागली. पण सही नसलेला कागद घेऊन परत जाऊन काय करणार, म्हणून वाटेतल्या शेवटच्या घरी वळली. नोंग उल्दारिको, तेही सभासद, निवृत्त मास्तर, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी तिला वाचून दाखवायला सांगितलं. तिने उभ्या उभ्याच वाचलं. ‘बोट मोडलं’ला त्यांनी हात वर करून थांबवलं.

"कोणतं बोट?"

"करंगळी. डावी."

"माझी विद्यार्थिनी ती. डावखुरी आहे," म्हातारा म्हणाला. "मी पट्टीने मारून उजव्या हाताने लिहायला लावायचो." त्यांनी चाचपडत पेन घेतलं, सही करायची जागा दाखव म्हणाले, आणि सही केली.

कचेरीत पोचेपर्यंत साडेबारा झाले होते. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. खुर्च्यांची चळत तशीच, स्पीकर तसेच. टेबलावर पेन्सिल पडलेली, जिला कापड बांधलं होतं ती. कचेरीचे चिटणीस नोंग सेल्सो डबा खात होते. त्यांनी घास गिळला, आणि दुसऱ्या किल्लीचा जुडगा नकळत टिफिनमागे सरकवला.

रेनांते दोन राखणदारांना घेऊन आला होता. मोठ्याने बोलला नाही, शिवी दिली नाही. कागद पुढे ठेवला, सही दाखवली, कापितनांचा शिक्का दाखवला. सेल्सोंनी दार उघडलं. कचेरीचाच कागद होता, ते नाही कसं म्हणणार.

"स्वतःच्या पायांनी गेली, दाय," ते म्हणाले. "कोणी हात लावला नाही. तो म्हणाला, पनांघिद घे आणि चल घरी. तिने घेतला. मी ऐकलं."

"काय म्हणाली?"

सेल्सोंनी डब्याचं झाकण लावलं. "म्हणाली, जाऊ का."

लोव्हेला त्यांच्या घराकडे धावली. घराला कुलूप होतं. खिडकीच्या फटीतून दिसलं, चुलीवर पुतोचा साचा उपडा घातलेला, वाफेचं फडकं दोरीवर वाळत. शेजारीण म्हणाली, एका गाठोड्यात कपडे घेतले आणि धक्क्यावर गेली तिघं. त्याच्या कोणा नातेवाइकाकडे समोरच्या बेटांवर जातोय म्हणाला. कोणत्या बेटावर ते तिने विचारलं नव्हतं. धक्क्यावर पोचली तेव्हा दुपारच्या दोन्ही नावा सुटल्या होत्या, एक उत्तरेकडची, एक दक्षिणेकडची. तिकीट फाडणाऱ्याला तिघांची आठवण नव्हती. गर्दी होती, म्हणाला. लोव्हेला धक्क्याच्या टोकाला उभी राहिली. केझिया भुकेने रडत होती आणि हातातल्या आदेशाची शाई घामाने पसरत होती. तिने तो कागद पोरीच्या झोळीत, पाठीशी ठेवला, कोरडा राहावा म्हणून.

पोलिसांकडे गेली. ठाण्यातल्या पोलिसाने नीट वागवलं, बसायला खुर्ची दिली. बाई सज्ञान आहे, नवऱ्यासोबत गेली आहे, स्वतः चालत गेली आहे. आधीची नोंद काय आहे? त्याने गावच्या वहीतली नोंद मागवून घेतली. ‘किरकोळ’ या शब्दावर बोट ठेवून तो थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. आदेश नवऱ्याच्या हातात पडल्याशिवाय लागू कसा होणार, असं त्याने विचारलं. पत्ता आणा, आम्ही जाऊ.

तिसऱ्या दिवशी कापितना परतल्या. पाटी काचेची होती, तिच्यावर गावाचं नाव कोरलेलं. लोव्हेलाने त्यांना सगळं सांगितलं, उभ्यानेच. कापितनांनी पाटी टेबलावर पालथी ठेवली. 

"मी सांगितलं आणि तू लिहिलंस," त्या म्हणाल्या. "आता दोघींपैकी कोणाचं जास्त, ते नंतर बघू."

"कलम चार तुम्ही सांगितलं नव्हतं, काप. ते माझं."

कापितनांनी फोन उचलला. दुपारभर त्या बेटांवरच्या गावांचे फोन लावत होत्या, एकामागून एक. समोरचे सगळे ओळखीचे, सगळे हसून बोलत, आधी पाटीबद्दल अभिनंदन करत. मग उत्तर एकच. अशी बाई आमच्याकडे आलेली नाही. आणि नवऱ्याने मारायचं म्हणाल तर आमच्याकडे तसलं काही नाही, आमचंही शून्य आहे. सहाव्या फोननंतर कापितना बाहेर गेल्या आणि फळ्यावरचं शून्य रुमालाने पुसायला लागल्या. रंगाने लिहिलेलं होतं. ते पुसलं गेलं नाही. मग त्या आत येऊन पुन्हा फोनशी बसल्या.

लोव्हेलाने वही उघडली. नोंद खोडता येत नाही, सेल्सोंनी बजावलं. तिने खोडली नाही. समासात, मार्चच्या त्या ओळीशेजारी, तारीख घालून लिहिलं की हे खोटं आहे आणि हे मी लिहिलं. संध्याकाळी नांग पासिंग काठी टेकत आली, तिने वाचलं. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पोरीला जरा माझ्याकडे दे, तू जेव."

सातव्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बोललं कोणी नाही. कुठेतरी एका मुलाचा श्वास होता, नाक चोंदलेलं, जवळ, जणू फोन तोंडात धरलाय. लोव्हेला मिकाय, मिकाय म्हणत राहिली. मग दुरून बाईचा आवाज आला, शब्द कळले नाहीत, आणि फोन तुटला. तो नंबर तेव्हापासून बंद आहे. लोव्हेला केझियाच्या नाकाखाली बोट धरते आणि दुसऱ्या कानाशी फोन.

आज अकरावा दिवस आहे. आदेश कपाटात नाही. तिच्या पिशवीत आहे, प्लास्टिकमध्ये घालून, आणि अजून चार दिवस त्यात जीव आहे. बेटांवरच्या सगळ्या गावांच्या महिला टेबलांना तिने निरोप धाडला. नऊ जणींनी वाचला, दोघींनी अंगठा पाठवला, उत्तर एकीचंही नाही. ती त्यांना दोष देत नाही. मार्चमध्ये असा निरोप आला असता तर तिनेही अंगठाच पाठवला असता. म्हणून आता ती टेबलांना विचारत नाही. धक्क्यावर, बाजारात, भेटेल त्याला सांगते, आणि तुम्हालाही हेच सांगते आहे.

तुमच्या गल्लीत गेल्या दहाअकरा दिवसांत एखादं नवं बिऱ्हाड आलं असेल. नवरा हसतमुख, सगळ्यांची मोडकी यंत्रं दुरुस्त करून देणारा, आल्या आल्या सगळ्यांना आवडलेला. बायको सडपातळ, तिशीच्या आत, डावी करंगळी वाकडी, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी नवऱ्याकडे बघणारी. मुलगी पाच वर्षांची, कपाळावर देवीच्या व्रणासारखी खूण. रेनांते ओट्यावर असेल तेव्हा जाऊ नका. तो घरी नसताना जा, मीठ मागायला जा, पत्ता चुकलात म्हणा, काहीही म्हणा. दार उघडलं तर तिला बाहेर बोलावू नका, तीच अडचण आहे; तुम्ही उंबऱ्याशी जा. तिचं नाव रोसमिल. सगळं ठीक आहे असं ती म्हणेल. ते ऐकून परतू नका. हात दाखव म्हणा. आणि मुलीचा ताप उतरला का, तेवढं बघून या.